गोव्याची भुकटी आणि बांधावरचा टाकळा



नायट्यावर व्याख्यान द्यायला उभा राहिलेला माणूस ह्या व्यासपीठाने यापूर्वी पाहिला असेल असे वाटत नाही. क्षय, प्लेग, देवी ह्या रोगांना इतिहासात मान आहे, कारण त्यांनी राजे मारले आणि शहरे ओस पाडली. नायट्याने कोणी मरत नाही. तो फक्त रात्रभर झोपू देत नाही, चारचौघांत खाजवता येत नाही म्हणून लाजवतो, आणि एका माणसाचा घरात चौघांना होतो. कामगार चळवळीत माझी तीस वर्षे गेली. कापडाच्या रंगाई-धुलाई खात्यात आठ-आठ तास ओल्या कपड्यांनी उभे राहणाऱ्या माणसांच्या जांघा आणि कंबरा मी पाहिल्या आहेत. पगारवाढीच्या मागणीपत्रात हा विषय घालावा, असे मी एकदा सुचवले तेव्हा आमचेच लोक हसले होते. तेव्हापासून हा क्षुद्र मानला गेलेला रोग माझ्या डोक्यात बसला. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि ग्रंथालयात पुष्कळ झाले. तिथे जुनी पुस्तके चाळताना एका औषधाची हकीकत हाती लागली. आजच्या विषयाशी, म्हणजे वनस्पतींत जंतू आणि बुरशी मारण्याची शक्ती आहे की नाही हे माणूस कसे तपासू लागला ह्या विषयाशी, तिचा इतका जवळचा संबंध आहे की मी तीच आज सांगणार आहे.

1864 साली मुंबईतील केम्प नावाच्या एका औषधविक्रेत्याने विलायतेतील औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकाला एका भुकटीची माहिती कळवली. गोव्याकडची माणसे ती नायट्यावर लावीत. म्हणून तिचे नाव ‘गोवा पावडर’. रंग पिवळसर, हवेत राहिली की तपकिरी होत जाणारा, आणि चव कडू. व्हिनेगरात किंवा लिंबाच्या रसात कालवून लावली की थोड्या दिवसांत नायटा मावळे. ती कशापासून होते, हे मुंबईत कोणालाच ठाऊक नव्हते आणि विकणाऱ्याला ते सांगण्यात रस नव्हता. औषधाचे मूळ गुप्त राहिले की भाव टिकतो, हा धंद्याचा नियम आजचा नव्हे.

दहा वर्षांनी, 1874 मध्ये, कलकत्त्यात काम केलेले नामांकित डॉक्टर जोसेफ फेअरर यांनी लंडनच्या एका वैद्यकीय पत्रात ह्या भुकटीवर लेख लिहिला. तो लेख समुद्रापलीकडे ब्राझीलमध्ये बाहिया शहरी दा सिल्व्हा लिमा नावाच्या डॉक्टरच्या वाचनात आला. वर्णन वाचताच त्याने ओळखले की ही तर आपल्याकडची ‘अरारोबा’! 1875 साली त्याने तसे पत्र लिहून कळवले, आणि गोव्याच्या भुकटीचा गोव्याशी संबंध केवळ वखारीपुरता आहे हे उघड झाले. बाहियाही पोर्तुगीजांची वसाहत होती आणि गोवाही. त्यांच्या जहाजांबरोबर काजू आला, मिरची आली, आणि त्याच वाटेने नायट्यावरची ही पिवळी धूळही आली. आपण मात्र तिला आपल्या गावाचे नाव देऊन मोकळे झालो.

ही भुकटी निघते कशी, तेही ऐकण्यासारखे आहे. बाहियाच्या दमट अरण्यात एक मोठा वृक्ष आहे. त्याला शास्त्रीय नाव मिळाले 1879 साली. जून झाडाच्या खोडाच्या आत भेगा आणि पोकळ्या असतात आणि त्यांत ही धूळ साठत जाते. झाड पाडायचे, ओंडके करायचे, ते उभे चिरायचे आणि कुऱ्हाडीने किंवा खरवडणीने धूळ काढायची. ही धूळ त्वचेला व डोळ्यांना झोंबणारी आहे. खरवडणाऱ्या माणसांचे डोळे सुजत, तोंड लाल होई. औषधांच्या जुन्या पुस्तकांत ही गोष्ट एका वाक्यात येते आणि पुढच्या वाक्यात लेखक भुकटीच्या विद्राव्यतेकडे वळतो. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली 1888 साली, हे सन मी मुद्दाम सांगून ठेवतो. मुंबईत कोणाचा नायटा बरा झाला तेव्हा तिकडे कोणाचे डोळे चुरचुरत होते, ह्याचा हिशेब कोणत्याही नियतकालिकाने ठेवलेला नाही.

आता तपासणीकडे येतो. त्या काळी औषध तपासणे म्हणजे रोग्याला लावून पाहणे. तो एकच मार्ग होता. हा मार्ग वाईट नव्हे, पण त्यात फसगत फार. त्याचा एक मासला ह्याच भुकटीच्या कथेत आहे. लंडनमध्ये बालमानो स्क्वायर नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. 1876 च्या सुमारास त्यांच्याकडे एक रोगी आला. आपल्याला नायटा झाला आहे अशा समजुतीने तो गोवा पावडर लावीत होता आणि त्याला गुणही येत होता. स्क्वायर यांनी पाहिले तर तो नायटा नव्हताच. ते सोरायसिस होते, म्हणजे बुरशीशी किंवा जंतूशी संबंध नसलेला निराळाच त्वचारोग. चुकीच्या समजुतीने लावलेले औषध दुसऱ्याच रोगावर लागू पडले! स्क्वायर यांनी त्याचे मलम करून सोरायसिसवर वापरण्याचा प्रघात पाडला. पण ह्याचाच अर्थ असा की, ‘लावले आणि बरे वाटले’ एवढ्यावरून भुकटी बुरशी मारते हे सिद्ध होत नव्हते. बुरशी मरते हे दाखवायचे, तर आधी ती बुरशी माणसाच्या अंगाबाहेर वाढवता आली पाहिजे.

हे काम युरोपात आधीच सुरू झाले होते. माणसाचा रोग सूक्ष्म जीवामुळे होतो हे प्रथम ज्या रोगांवरून कळले, त्यांत आपला हा क्षुद्र नायटा आहे. कॉख आणि पाश्चर ही नावे आपण शाळेत पाठ करतो. त्यांच्या कितीतरी आधी, 1837 साली, बर्लिनमध्ये रॉबर्ट रेमाक ह्या तरुण डॉक्टरने डोक्यातील नायट्याच्या एका प्रकारात, खपल्यांमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे पाहिले. पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी ह्याने 1841 साली स्वतंत्रपणे तेच दाखवले. रेमाकने पुढे ती बुरशी सफरचंदाच्या कापांवर वाढवली आणि स्वतःच्या हातावर लावून रोग ओढवून घेतला. यहुदी असल्यामुळे ह्या माणसाला प्राध्यापकाची जागा वर्षानुवर्षे नाकारण्यात आली. पुरावा अंगावर उमटवून दाखवला तरी पंगतीत पान मिळेलच असे नाही.

सफरचंदाच्या कापावरून पुढे जायला साधने लागली. ती 1880 नंतर आली. जंतू वाढवण्यासाठी लागणारी घट्ट, पारदर्शक खळ समुद्रशेवाळापासून, म्हणजे अगरपासून, करावी ही सूचना फॅनी हेस ह्या बाईंची. त्यांचे पती कॉखच्या प्रयोगशाळेत काम करीत. उन्हाळ्यात जिलेटिन वितळून प्रयोग बिघडत, आणि घरात मुरंबे घट्ट ठेवायला बाई अगर वापरीत. स्वयंपाकघरातील शहाणपण तसेच उचलून प्रयोगशाळेत नेण्यात आले. बशीला मात्र नाव मिळाले पेट्री ह्या गृहस्थांचे, 1887 साली. बुरशीसाठी थोडे आंबट आणि साखरेचे माध्यम पॅरिसच्या साबुरो यांनी रूढ केले. आंबटपणामुळे जंतू मागे राहतात आणि बुरशीला मैदान मोकळे मिळते. आजही नायट्याची खपली प्रयोगशाळेत गेली की तिला साबुरोंच्याच नावाच्या माध्यमावर टाकतात.

ह्याच काळात रसायनशास्त्रज्ञ भुकटीच्या मागे लागले होते. 1875 मध्ये लंडनच्या अॅटफिल्ड यांनी सांगितले की भुकटीत शेकडा 80 हून अधिक भाग क्रायसोफॅनिक आम्लाचा आहे. हे आम्ल रेवाचिनीतही सापडते. झाले, सगळेजण त्याच नावाने मलमे करू लागले. पण 1878 साली जर्मनीत लीबरमान आणि झाइडलर यांनी दाखवले की भुकटीत मुख्यतः आहे ते निराळे द्रव्य, क्रायसारोबिन. ते हवेतला प्राणवायू घेऊन मग क्रायसोफॅनिक आम्ल बनते. श्रोत्यांना हा शब्दच्छल वाटेल, पण सगळी गोम ह्यातच आहे. औषधाची धार असते ती पहिल्या द्रव्यात, हवेने बदललेल्या दुसऱ्यात नव्हे. भुकटी पिवळ्याची तपकिरी होताना दिसते, तेव्हा ती आपल्या डोळ्यांसमोर बोथट होत असते. आणि ज्या गुणाने ती हवेशी इतक्या लवकर संयोग पावते, त्याच गुणाने ती बुरशीला जाळते, माणसाच्या त्वचेलाही पोळते, आणि कपड्यांवर धुतल्या न जाणाऱ्या जांभळट डागांची रांगोळी काढते.

पहिल्या महायुद्धात जर्मनीचा समुद्रमार्ग तुटला आणि भुकटी मिळेना. तेव्हा बायरच्या रसायनशास्त्रज्ञांनी 1916 साली तिच्या रेणूतला एक कोपरा छाटून कारखान्यात तिचे भावंड तयार केले. ते डिथ्रानॉल ह्या नावाने सोरायसिसवर वापरात आले. ब्राझीलच्या झाडाची गरज संपत आली. नायट्यावर पुढे दुसरी औषधे आली. एका बुरशीपासून मिळालेले ग्रिसिओफल्विन 1939 साली सापडले होते. ते पोटात घेऊन नायटा जातो, हे 1958 साली दिसून आले. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्ये तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 साली हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ज्या मातीतील सूक्ष्म जीवापासून ते निघाले, त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आहे. कामगारांच्या वसाहतीचे नाव असे लॅटिनमध्ये जाऊन बसलेले मला दुसरे माहीत नाही.

वनस्पतींची रीतसर, मोठ्या प्रमाणावर झडती सुरू झाली ती पेनिसिलिननंतर. 1940 च्या सुमारास ऑक्सफर्डला नॉर्मन हीटली यांनी पेनिसिलिन मोजण्याची एक साधी युक्ती काढली. बशीतील खळीवर जंतू पसरायचे, तिच्यावर लहान नळकांडी उभी करायची आणि त्यांत द्रव भरायचा. द्रवात दम असेल तर नळकांड्याभोवती जंतू वाढत नाहीत आणि स्वच्छ वर्तुळ दिसते. जेवढे वर्तुळ मोठे तेवढा दम जास्त. ही युक्ती इतकी सोपी होती, की मग जो तो पानांचे रस घेऊन बसला. 1943 साली ऑक्सफर्डच्याच ऑस्बर्न ह्या बाईंनी सुमारे 2300 जातींच्या फुलझाडांच्या तपासणीचा निबंध प्रसिद्ध केला. पू करणारा एक जंतू आणि आतड्यातला एक, अशा दोन जंतूंवर त्यांनी रस लावून पाहिले. 63 प्रजातींतील वनस्पतींत काही ना काही गुण दिसला. लढाई चालू होती, जखमी माणसे येत होती, आणि ही बाई एकेक पान वाटून बशीत घालीत होती. ह्या कामाबद्दल मला फार आदर वाटतो. त्यातून एकही मोठे औषध निघाले नाही, तरी वाटतो.

का निघाले नाही? बशीतील वर्तुळ म्हणजे औषध नव्हे. पुष्कळ पानांत तुरट द्रव्ये असतात, ती कोणत्याही जिवाला आखडून टाकतात, जंतूला तशीच माणसाच्या पेशीला. अर्क दारूत काढलेला असेल आणि नुसत्या दारूची वेगळी बशी ठेवली नसेल, तर वर्तुळ दारूचे की पानाचे हे कळत नाही. उलट, तेलकट द्रव्य खळीत पसरतच नाही. त्यात दम असूनही वर्तुळ दिसत नाही, आणि चांगली वनस्पती नापास होते. म्हणून पुढे अर्क निम्मा, पाव, अष्टमांश असा पातळ करीत नेऊन शेवटी किती थोड्यात वाढ थांबते ते पाहण्याची रीत पडली. त्या मापाने पाहिले तर वनस्पतींची द्रव्ये बहुधा मातीतील बुरशी-जंतूंच्या द्रव्यांपेक्षा पुष्कळ दुबळी ठरतात. झाडाला बिचाऱ्याला आपले पान वाचवायचे असते, आपला पू नव्हे.

तरी ह्या दुबळेपणाचीही एक गमतीची बाजू 2000 साली अमेरिकेत स्टर्मिट्झ, लुईस आणि सहकारी यांनी उघड केली. दारुहळदीच्या जातभाईंत बर्बेरिन असते. पू करणारा जंतू हे बर्बेरिन आत आले की पंपाने उपसून बाहेर टाकतो. पण त्याच झुडपात आणखी एक द्रव्य सापडले, जे हा पंप अडवते. एकटे तपासले तर हे दुसरे द्रव्य जंतूला काहीच करीत नाही. म्हणजे द्रव्ये सुटी करून एकेक तपासणाऱ्याने ते फेकून दिले असते. एकेकट्याला बोलावून चौकशी केली की युनियन कधीच सापडत नाही, हा आमचा जुना अनुभव आहे!

आता टाकळ्याकडे वळतो. कोकणात, देशावर, पहिल्या पावसानंतर बांधावर, गटाराच्या कडेला, गिरणीच्या पडक्या आवारात उगवतो तो टाकळा. त्याची कोवळी पाने आपण भाजी करून खातो. संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात. चक्र म्हणजे अंगावर उठणारे गोल चकंदळ, त्याला चिरडणारा तो चक्रमर्द. दुसरे नाव तर उघडच दद्रुघ्न, म्हणजे नायटा मारणारा. टाकळ्याचे बी ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून लावावे, हे पुष्कळ घरांतील म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. मुंबईच्या सरकारी औषधभांडाराचे डायमॉक आणि त्यांचे दोन सहकारी यांनी 1890 पासून हिंदी औषधी वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ काढला, त्यातही टाकळा आहे. पण बशीत घालून, त्यातले नेमके द्रव्य वेगळे करून पाहिले ते कलकत्त्याच्या आचार्य आणि चटर्जी यांनी, 1975 च्या सुमारास. बियांतून त्यांनी बुरशीनाशक द्रव्य काढले. त्याचे रासायनिक नाव मोठे आहे, क्रायसोफॅनिक अॅसिड नाइन-अँथ्रोन. नायट्याच्या बुरशींवर ते लागू पडले.

श्रोतेहो, हे द्रव्य म्हणजे गोवा पावडरीतील क्रायसारोबिनचा मुख्य घटक! जे ब्राझीलचे अरण्य तोडून, माणसांचे डोळे सुजवून, दोन महासागर ओलांडून मुंबईच्या बाजारात येत होते, तेच द्रव्य त्या बाजाराबाहेरच्या उकिरड्यावर दर पावसाळ्यात फुकट उगवत होते. प्रमाण अर्थातच सारखे नव्हे. तिकडे भुकटीच्या भुकटीत बहुतेक तेच, इकडे बियांत थोडेसे. पण मुंबईच्या केम्पच्या पत्रापासून कलकत्त्याच्या निबंधापर्यंत 111 वर्षे गेली, आणि त्यातली बरीच वर्षे हे तपासायची बशी, खळ आणि बुरशी आपल्या देशात उपलब्ध होती.

एक बारकावा सांगतो. कलकत्त्याच्या संशोधकांनी तपासणी करताना माध्यमात अॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, घातले होते. हे द्रव्य हवेने बोथट होते ते मघाशी सांगितलेच, आणि अॅस्कॉर्बिक आम्ल अशा बिघाडाला आवर घालते. हे वाचल्यावर मला लिंबाच्या रसाची आठवण झाली, तशी ती तुम्हालाही झाली असेल, आणि मनात आनंदाची उकळी फुटली असेल. ती जरा आवरावी अशी विनंती आहे. लिंबात क जीवनसत्त्व आहे हे खरे, पण वाटलेल्या लेपात ते द्रव्याला किती वेळ राखते, पुरेसे राखते की नाही, हे वेगळे मोजावे लागेल. ‘आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे. पण त्या टाळ्यांनी बियांतील द्रव्य मिलिग्रॅमनेही वाढत नाही. उलट्या बाजूने, ‘गावठी’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी 111 वर्षांचा हिशेब मनात ठेवावा.

हे सगळे आज सांगायचे कारण, नायटा परत आला आहे. गेली काही वर्षे आपल्या देशात तो हट्टी होऊन बसला आहे. एका नव्या बुरशीजातीला 2020 साली शास्त्रज्ञांनी नाव दिले, त्या नावात ‘इंडो’ आहे. टर्बिनाफिन हे नायट्यावरचे भरवशाचे औषध तिच्या अनेक वाणांवर चालत नाही. ह्याला एक कारण म्हणून तज्ज्ञ बोट दाखवतात ते मिश्र मलमांकडे. त्यांत थोडे बुरशीनाशक, थोडे जंतुनाशक आणि तीव्र स्टिरॉइड असते. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूष होतो, आणि बुरशी खाली पसरत राहते. 2018 साली केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली. दुकानात चिठ्ठी कोण मागतो हे तुम्ही जाणता. ज्या कारखान्याचा उल्लेख मी आरंभी केला, त्याच्या दवाखान्यातही पाळीवरच्या माणसाला असलीच नळी हातात ठेवून परत यंत्रावर पाठवीत. ओले कपडे बदलायला जागा आणि कोरडा गणवेश ही मागणी मान्य व्हायला चार वर्षे लागली, आणि ती मान्य झाल्यावर खात्यातले निम्मे तरी खाजवणे कमी झाले. हे माझे डोळ्यांनी पाहिलेले आहे, मोजलेले नाही.

त्याच खात्यातील एक जण, आता निवृत्त झालेला, गेल्या पावसाळ्यात मला भेटला. त्याच्या नातवाला नायटा झाला होता, तीन नळ्या संपल्या होत्या. “अण्णा, तुम्ही एवढं वाचता, टाकळ्याचं बी लावू का?” मी त्याला आधी मलमावरचे बारीक अक्षर वाचून दाखवले आणि ती नळी बंद करून नातवाला सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात घेऊन जायला सांगितले. खपली तपासायला द्या, असा आग्रह धरा म्हणालो. टाकळ्याचे बी आजच्या ह्या हट्टी बुरशीवर, आपल्याच रोग्यांच्या खपलीतून वाढवलेल्या बुरशीवर, किती पातळ करून चालते, मुलाच्या कातडीला किती पोळते, हे मोजून लिहिलेले मला दाखवता आले असते तर मी त्याला दुसरे उत्तर दिले असते. तो गेला. जाताना रस्त्याच्या कडेचा टाकळा त्याने पिशवीत भरून घेतला. भाजीसाठी, म्हणाला.